आयर्लंड वाचायचंय? मग 'युलिसिस' आधी बाजूला ठेवा

आयर्लंडबद्दल वाचायचं मनात आलं की बहुतेक जण एकाच दारातून आत शिरायला बघतात आणि उंबऱ्यातच ठेचकाळतात. मीही ठेचकाळलो. 'सगळ्यात थोर आयरिश कादंबरी' म्हणून जेम्स जॉइसचं 'युलिसिस' मागवलं, साठेक पानं नेटानं वाचली आणि मग ते जाडजूड पुस्तक दोन वर्षं लॅपटॉपला उंची द्यायच्या कामी आलं. दोष पुस्तकाचा नव्हता. पंढरपूर, वारी, आळंदी यातलं काहीच ठाऊक नसलेल्या माणसानं थेट 'अमृतानुभव' उघडावा, तसं ते झालं होतं.

खालच्या पायऱ्या मी स्वतः उलटसुलट चढलो. आता पुन्हा सुरुवात केली तर ज्या क्रमानं चढेन, तो क्रम देतो आहे. आठवड्याला तीन-चार तास दिलेत तर पाच-सहा महिने पुरतात. पैसेही फार लागत नाहीत. जॉइस, कवी येट्स, नाटककार सिंग यांचं बहुतेक लेखन आता हक्कमुक्त आहे आणि 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर फुकट मिळतं.

वाचताना एक गोष्ट मात्र सतत डोक्यात असू द्या. या लोकांची भाषा दीड-दोनशे वर्षांत त्यांच्या तोंडून गेली. जी परकी भाषा तिच्या जागी आली तिच्यातच त्यांनी असं काही लिहिलं की मूळ मालकही बघत राहिले. इतिहास, साहित्य, 'आयरिश म्हणजे नेमकं कोण' हा न संपणारा वाद, सगळं या एका खुंटीला टांगता येतं.

पायरी पहिली: नावं तोंडात बसवा

हे काम दोन दिवसांचं आहे, पण ते टाळलंत तर पुढे प्रत्येक पानावर अडखळाल. आयरिश भाषा (तिथले लोक तिला 'गेलिक' नाही, 'आयरिश' किंवा 'गेल्गा' म्हणतात) रोमन लिपीत लिहिली जाते, पण त्या अक्षरांना इंग्रजीचे नियम लावले की फजिती होते. 'बी' किंवा 'एम'पुढे 'एच' आला की बहुधा 'व' होतो. 'एस'च्या शेजारी 'आय' किंवा 'ई' असला की 'श'. एवढे दोन नियम कळले तरी शिवॉन, नीव्ह, शॉन ही नावं कशी लिहिली असतील त्याचा अंदाज येतो. पंतप्रधानाला 'टीशख' म्हणतात, संसदेच्या खालच्या सभागृहाला 'डॉल'. कवी येट्स आहे, यीट्स नव्हे. कीट्सच्या शेजारी बसवून आपण त्याचं नाव कायम बिघडवतो. नाटककार सिंग याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून 'सिंज' म्हणू नका. उच्चार आपल्या पंजाबी सिंगसारखाच.

माझा अनुभव असा की नावं वहीत देवनागरीत लिहून ठेवावीत. इंग्रजीला न सापडणारे बरेच आवाज आपल्या बाराखडीत आयते आहेत. 'टीशख'मधला 'ख' तेवढा घशातून घासत काढा.

हाताशी वही आहेच, तर भाषेचीही थोडी चव घ्या. आयरिशमध्ये 'माझ्याकडे पुस्तक आहे' असंच म्हणतात; मालकी सांगणारं इंग्रजीसारखं वेगळं क्रियापदच नाही. 'मला भूक लागली' याला 'भूक माझ्यावर आहे' म्हणतात. आणि 'हो', 'नाही' यांना सुटे शब्द नाहीत. 'आलास का?' असं विचारलं की उत्तर 'आलो'. मराठी माणसाला यात नवल वाटत नाही, पण इंग्रजाला वाटतं. म्हणूनच आयरिश माणसाच्या इंग्रजीत ही वळणं उतरलेली दिसली की इंग्लंडमधले विनोदी लेखक त्याला गावंढळ ठरवून हशे वसूल करायचे. तुम्ही ती वळणं ओळखाल तेव्हा लक्षात येईल की वरवर इंग्रजी असलेल्या वाक्याचा सांगाडा आत वेगळा आहे.

पायरी दुसरी: नकाशा भिंतीवर लावा

बेट लहान आहे, महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडं मोठं. चार प्रांत: लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट, अल्स्टर. परगणे, म्हणजे काउंट्या, ३२. त्यातल्या २६ काउंट्या आयर्लंड या स्वतंत्र देशात आणि ६ उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात. अल्स्टर म्हणजेच उत्तर आयर्लंड असं धरून चालू नका: अल्स्टरच्या नऊपैकी तीन काउंट्या दक्षिणेकडच्या देशात आहेत. त्यातली एक, डॉनेगॉल, बेटाच्या अगदी उत्तर टोकाला असूनही 'दक्षिणेत' मोडते. हा घोळ तिथल्यांनाही मजेदार वाटतो.

आता गावांची नावं बघा. आपल्याकडे वाडी, गड, बुद्रुक, खुर्द यावरून गाव काय होतं ते कळतं, तिथेही तसंच. 'बॅली'नं सुरू होणारं नाव म्हणजे मूळचं 'बाल्या', गाव किंवा वस्ती. 'किल' म्हणजे बहुधा चर्च, 'डन' म्हणजे गढी, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'इनिश' म्हणजे बेट. डब्लिन म्हणजे काळा डोह. डेरी म्हणजे ओक झाडांची राई. त्याच डेरीला काही जण लंडनडेरी म्हणतात, आणि माणूस कोणतं नाव घेतो त्यावरून तो आयर्लंडच्या बाजूचा की ब्रिटनच्या, ते पहिल्या वाक्यात कळतं.

ही नावं मोडली कशी? १८२४ मध्ये ब्रिटिश सरकारनं करआकारणीसाठी सगळ्या बेटाची मोजणी सुरू केली. सैनिक साखळ्या घेऊन शेताशेतांतून हिंडले आणि नकाशावर प्रत्येक नाव इंग्रजी कानाला जमेल तसं लिहिलं गेलं. त्या मोजणीत लांबी मोजायला जे खास दांडे वापरले, तसेच दांडे पुढे जॉर्ज एव्हरेस्ट भारतात घेऊन आला. आपल्या इथल्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं आयर्लंडशी असं थेट नातं आहे. गावांच्या मूळ नावांसाठी 'लोगनम' नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे (एल-ओ-जी-ए-आय-एन-एम डॉट आयई). कुठलंही गाव टाका, मूळ नाव, अर्थ आणि बऱ्याचदा उच्चारही ऐकायला मिळतो. मी तिथे तासन्‌तास घालवले आहेत, सावध राहा.

पायरी तिसरी: इतिहासाच्या सगळ्या तारखा नकोत, पण दुष्काळ नीट समजून घ्या

इतिहासाचं एखादं छोटं पुस्तक घ्या, पण पाठ करायला बसू नका. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अल्स्टरमध्ये स्कॉटलंड-इंग्लंडहून आणून वसवलेले प्रोटेस्टंट लोक, १६४९ ची क्रॉमवेलची मोहीम, कॅथलिकांवरचे निर्बंध आणणारे कायदे, १७९८ चा फसलेला उठाव, १८०१ पासून लंडनच्या संसदेत विलीनीकरण: एवढी रांग डोळ्यांसमोर असली की भागतं.

थांबायचं ते १८४५ वर. त्या वर्षी बटाट्यावर करपा पडला. आपले बटाटा-टोमॅटो पिकवणारे शेतकरी ज्याला 'उशिरा येणारा करपा' म्हणतात, तोच रोग. गरीब आयरिश कुटुंबं वर्षातले बहुतेक महिने जवळपास फक्त बटाट्यावर जगत. धान्य पिकत होतं, पण ते जमीनदाराचा खंड भरण्यासाठी आणि बाजारासाठी. ते बोटींत चढून इंग्लंडला जात राहिलं. पीक एकदा नव्हे, पुन्हापुन्हा गेलं. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली.

आकडे ऐकून माणूस सुन्न होतो आणि विसरतो. म्हणून एक कलम लक्षात ठेवा. १८४७ च्या कायद्यानुसार ज्याच्या ताब्यात पाव एकराहून जास्त जमीन होती त्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. बापानं मुलांच्या तोंडात घास घालायचा तर आधी कसत असलेली जमीन सोडायची, आणि जमीन सोडली की पुढच्या वर्षी पेरायचं कुठे? मराठवाड्यातल्या वाचकाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. लंडनच्या खजिन्यातून मदतीची दोरी हातात धरून बसलेला अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन. बाजारात सरकारनं हात घालू नये या मताचा. तोच पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना ही विचारसरणी परिचयाची वाटेल.

१८४१ च्या जनगणनेत बेटावर ८१ लाखांहून जास्त माणसं होती, १८५१ मध्ये ६५ लाख. आज दोन्ही भाग मिळून ती सत्तर लाखांच्या थोडी वर आहेत. जगाची लोकसंख्या कुठल्या कुठे गेली, हे बेट अजून १८४१ लाही गाठू शकलेलं नाही.

आणि भाषा? मेले आणि गेले ते मुख्यतः पश्चिमेकडचे गरीब, म्हणजे आयरिश बोलणारे. जे उरले त्यांना एवढं कळलं की पोरगं अमेरिकेला पाठवायचं असेल तर इंग्रजी हवी. शाळेत मुलाच्या गळ्यात काठी अडकवायची, तो आयरिश बोलला की तिच्यावर खाच पाडायची आणि खाचा मोजून छड्या द्यायच्या, अशी रीत अनेक ठिकाणी होती, आणि त्यात घरच्यांचाही हात असे. १८५१ मध्ये सुमारे पंधरा लाख लोक आयरिश बोलत, १८९१ मध्ये सात लाखांहून कमी. म्हणजे चाळीस वर्षांत निम्म्याहून अधिक घट. हा खड्डा दिसला की पुढचं सगळं साहित्य त्याच्या काठावर बसून लिहिलेलं वाटू लागतं.

उरलेल्या तारखा भरभर घेऊ. १८७९ मध्ये मायकेल डॅव्हिटची जमीन चळवळ सुरू झाली. पुढच्या वर्षी मेयो काउंटीतल्या कॅप्टन बॉयकॉट नावाच्या मुनिमाशी सगळ्या गावानं व्यवहार तोडला आणि इंग्रजीला नवा शब्द मिळाला. आपल्या स्वदेशीच्या काळातला 'बहिष्कार' त्याच कुळातला. १९१६ च्या ईस्टरला डब्लिनच्या टपाल कचेरीवर झेंडा लावून मूठभर लोकांनी सहा दिवस बंड केलं. बंड फसलं, पण पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि लोकमत फिरलं. १९१९ ते १९२१ गनिमी लढाई, मग ब्रिटनशी तह, मग त्या तहावरून आपसातच यादवी. फाळणी तेव्हाची.

पायरी चौथी: कथांपासून आत शिरा

आता पुस्तक उघडायचं. पहिलं: जॉइसचंच, पण 'डब्लिनर्स' (१९१४). पंधरा कथा, साधं इंग्रजी. 'अ‍ॅराबी' आणि 'एव्हलिन' एका संध्याकाळी होतात. शेवटची 'द डेड' मात्र सुट्टीच्या दिवशी, एका बैठकीत वाचा. नाताळच्या दिवसांतली मेजवानी, गाणी, भाषण, आणि मधेच एक तरुणी नायकाला टोचते: सुट्टीत युरोपात फिरतोस, स्वतःच्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर का जात नाहीस, स्वतःची भाषा का शिकत नाहीस? तो वैतागून म्हणतो की मला या देशाचाच कंटाळा आलाय. पश्चिमेची ही टोचणी कथेच्या शेवटी परत येते, अगदी वेगळ्या वाटेनं. ती कशी ते सांगणार नाही.

त्यानंतर फ्रँक ओ'कॉनरची 'गेस्ट्स ऑफ द नेशन' (१९३१). दोन इंग्रज कैदी, त्यांच्यावर पहारा करणारे आयरिश बंडखोर, रोजचे पत्त्यांचे डाव, चुलीपाशी वादावादी. आणि मग वरून हुकूम येतो. देशभक्तीच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या मनाला ही कथा चांगलीच झोंबते.

मग एकदम आजच्या काळात या. क्लेअर कीगनच्या 'फॉस्टर' आणि 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' या दोन लहानशा पुस्तकांत शंभरेक पानांत काय काय मावतं ते बघा. दुसऱ्यात १९८५ सालचा एक कोळसाविक्रेता आहे, नाताळ जवळ आलेला, आणि गावातल्या कॉन्व्हेंटच्या धुलाईघरात त्याला काहीतरी दिसतं. 'मॅग्डलिन लाँड्री' म्हणून ओळखली जाणारी ही धुलाईघरं खरी होती. लग्नाआधी आई झालेल्या आणि 'बिघडलेल्या' ठरवलेल्या मुलींना तिथे डांबून राबवलं जाई. शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं, सरकारनं माफी मागितली २०१३ मध्ये. इंग्रज गेल्यावर सगळं गोड झालं असं समजणाऱ्यांनी इथे थोडा मुक्काम करावा. नव्या राज्यानं १९२९ मध्ये सेन्सॉरचा कायदा केला आणि स्वतःच्याच लेखकांची पुस्तकं भराभर बंद केली. एडना ओ'ब्रायनची 'द कंट्री गर्ल्स' १९६० मध्ये बंदीत गेली. कारण? दोन मुलींना इच्छा असतात एवढंच.

पायरी पाचवी: नाटक, त्यातही एक नाटक

'ती फुलराणी' आपण सगळ्यांनी पाहिलंय किंवा ऐकलंय. पुलंनी ते ज्याच्या 'पिग्मॅलियन'वरून केलं तो बर्नार्ड शॉ डब्लिनचा. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या इंग्रज समाजाची रेवडी उडवायला डब्लिनचा माणूस लागावा, हा योगायोग नाही. ऑस्कर वाइल्डही डब्लिनचाच. ही मंडळी लंडनला गेली आणि यजमानाच्या दिवाणखान्यात बसून यजमानाचीच टिंगल करत जगली.

घरी राहिलेल्यांनी १९०४ मध्ये अ‍ॅबी थिएटर उघडलं. येट्स आणि लेडी ग्रेगरी पुढाकारात. तिथे १९०७ मध्ये सिंगचं 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' लागलं. बापाला ठार मारून आलो असं सांगणाऱ्या पोराला गाव डोक्यावर घेतं. प्रेक्षागृहात दंगा झाला. 'आमच्या खेड्यांची, आमच्या स्त्रियांची बदनामी!' 'घाशीराम कोतवाल'च्या वेळचा गदारोळ ज्यांना आठवतो त्यांना या दंग्याचा सूर ओळखीचा वाटेल. मूळ नाटक वाचा, हसाल.

पण या पायरीवर एकच नाटक वाचणार असाल तर ब्रायन फ्रीलचं 'ट्रान्सलेशन्स'. पहिला प्रयोग १९८०, डेरीत. काळ १८३३, डॉनेगॉलमधलं एक खेडं, गोठ्यात भरणारी शाळा, आणि वर सांगितलेली ती मोजणी. एक इंग्रज लेफ्टनंट आणि एक गावातला मुलगा मिळून गावांची नावं बदलत बसलेत. नाटककाराची करामत अशी की गावकरी आयरिश बोलतात आणि सैनिक इंग्रजी, पण रंगमंचावर सगळं इंग्रजीतच ऐकू येतं. प्रेक्षकाला दोन्ही बाजू कळतात, पात्रांना एकमेकांचं काही कळत नाही. त्यात एक प्रेमप्रसंग आहे. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तेव्हा तो तिला तिच्याच मुलखातली गावांची नावं म्हणून दाखवतो, एकामागून एक. दुसऱ्या पायरीवर नकाशा लावला असेल तर हा प्रसंग अंगावर येतो. नसेल लावला तर नुसती यादी वाटते. मी दोन्ही प्रकारे वाचलाय.

नाटककार सॅम्युअल बेकेट नंतर केव्हाही वाचा. मातृभाषा इंग्रजी असलेला हा डब्लिनकर आपलं 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक आधी फ्रेंचमध्ये लिहितो, एवढं तूर्त ध्यानात ठेवा.

पायरी सहावी: कविता, रोज एक

येट्सच्या निवडक कविता घ्या, पण सुरुवातीच्या परी-धुक्याच्या कवितांत अडकू नका. 'ईस्टर १९१६' शोधा. बंडवाल्यांपैकी काही त्याच्या ओळखीचे होते, काहींची तो क्लबात बसून टर उडवायचा. त्यांना गोळ्या घातल्यावर त्याला काय वाटलं ते तो लिहितो, आणि स्तुती करतानाही शंका सोडत नाही. स्मारक-कविता अशीही असू शकते.

शेमस हीनी हा मराठी वाचकाला सगळ्यात लवकर आपला वाटणारा कवी. डेरी काउंटीतला शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९३९, नोबेल १९९५. 'डिगिंग' या कवितेत बाप बटाटे खणतोय, आजोबा दलदलीतून 'टर्फ' कापतोय. टर्फ म्हणजे हजारो वर्षं साचलेला, सुकवून चुलीत घालायचा मातीसारखा थर. विटांसारखे तुकडे रचून वाळवतात, आपल्या गोवऱ्यांच्या उडव्यासारखे. नातवाच्या हातात कुदळ नाही, लेखणी आहे. बटाटा हा शब्द आयरिश कवितेत आला की तिसरी पायरी आठवायची. ब्रिटिश कवींच्या एका संग्रहात हीनीला घेतलं तेव्हा त्यानं कवितेतूनच कळवलं की माझा पासपोर्ट हिरवा आहे.

पायरी सातवी: उत्तरेकडे जा

फाळणीनंतर उत्तरेत राहिलेल्या कॅथलिकांना घर, नोकरी, मतदान यात डावललं गेलं. १९६८ च्या सुमारास नागरी हक्कांचे मोर्चे निघाले आणि पुढची तीस वर्षं बंदुका, बॉम्ब, लष्कर. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. १० एप्रिल १९९८ ला करार झाला. त्यातली एक तरतूद 'आयरिश कोण' या सगळ्या वादावर भारी आहे: उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसानं स्वतःला आयरिश म्हणावं, ब्रिटिश म्हणावं किंवा दोन्ही म्हणावं, तो त्याचा हक्क. या काळासाठी अ‍ॅना बर्न्सची 'मिल्कमन' (२०१८ चं बुकर) वाचा. कादंबरीत एकाही मुख्य पात्राला नाव नाही, कारण तिथे नावावरून बाजू कळते. पहिली पन्नास पानं दमवतील. रेटा.

तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांसाठी: डब्लिनहून बेलफास्टला रेल्वे जाते, सीमेवर दिसत काहीच नाही. रस्त्यानं गेलात तर पाट्यांवरचे किलोमीटर मैल होतात एवढंच. पण कुणी अडवत नाही म्हणून व्हिसा लागत नाही असा अर्थ काढू नका. ते दुसऱ्या देशाचं राज्य आहे. सार्वजनिक वाचनालयाचं सदस्यत्व मात्र आयर्लंडमध्ये फुकट असतं, पहिल्याच आठवड्यात घेऊन टाका.

पायरी आठवी: आपला चष्मा पुसून घ्या

भारतीय वाचकाचा मोह असा, की आयर्लंडमध्ये आपलंच चित्र बघायचं. धागे खरेच आहेत. टिळकांनी होमरूल लीग बेळगावात उभी केली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस, म्हणजे डब्लिनमध्ये टपाल कचेरी जळत होती त्याच सुमारास. 'होमरूल' हा शब्दही तिकडचाच. भगिनी निवेदिता टिरोन काउंटीतल्या डनगॅननच्या. आणि फारसा कुणाला माहीत नसलेला धागा म्हणजे बडनेऱ्याचे पुरोहित स्वामी. या वऱ्हाडी माणसाबरोबर म्हाताऱ्या येट्सनं दहा उपनिषदांचं इंग्रजी केलं, १९३७ मध्ये ते छापून आलं. त्याआधी स्वामींनी आपल्या गुरूंच्या कैलास-मानसच्या प्रवासाचं पुस्तक मराठीतून इंग्रजीत नेलं, त्याला प्रस्तावना येट्सची. म्हणजे येट्सच्या टेबलावर एक मराठी पुस्तक येऊन गेलं होतं! अलीकडचं सांगायचं तर दोनदा टीशख झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.

पण साम्राज्याच्या फौजेत, पोलिसात, सनदी नोकरीत आयरिश माणसं भरपूर होती. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओ'ड्वायर टिपररीचा. पुढच्याच वर्षी जालंधर आणि सोलनला 'कॉनॉट रेंजर्स' पलटणीच्या आयरिश शिपायांनी मायदेशातल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून हत्यारं खाली ठेवली, आणि जेम्स डेली नावाच्या तरुणाला दगशाईला गोळ्या घातल्या. दोन्ही माणसं आयरिशच. कोणता एकच खरा आयरिश, असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही.

पायरी नववी: आता 'युलिसिस', वाटल्यास

आधी जॉइसच्याच 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' या कादंबरीतला एक प्रसंग वाचा. विद्यार्थी स्टीफन आणि त्याचा इंग्रज प्राध्यापक दिव्यात तेल ओतण्याबद्दल बोलताहेत. नरसाळ्याला स्टीफन जो शब्द वापरतो तो इंग्रजानं ऐकलेलाच नसतो. स्टीफनच्या मनात येतं की ही भाषा आधी त्याची आहे, मग माझी. पुढे तो शब्दकोश बघतो तर शब्द अस्सल जुना इंग्रजी निघतो! त्याचा संताप आणि हसू तुम्हाला एकदम कळेल. मग 'युलिसिस' उघडा, चौथ्या प्रकरणापासून, जिथे कादंबरीचा नायक ब्लूम नाश्ता करतोय. १६ जून १९०४, एक दिवस, एक शहर. नकाशा भिंतीवर आहेच.

पायरी दहावी: एक घर निवडा

शेवटचं काम पुस्तकाबाहेरचं. १९२२ च्या यादवीत डब्लिनचं सरकारी दफ्तर जळालं, शतकांची कागदपत्रं राख झाली. पण १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे अर्ज वाचले, आणि राष्ट्रीय अभिलेखागारानं ते सगळे फुकट खुले केलेत. कॉनॉटमधलं किंवा डॉनेगॉलमधलं एखादं 'टाउनलँड' निवडा. हे तिथलं सगळ्यात लहान एकक, आपल्या वाडीसारखं. साठ हजारांहून जास्त आहेत. त्यातलं एक घर उघडा. घराच्या मालकाच्या हातची सही दिसेल, किंवा अंगठेबहाद्दराची फुली.

दोन्ही वर्षांचे अर्ज शेजारी ठेवून बघा. दहा वर्षांत कित्येक म्हाताऱ्यांचं वय पंधरा-सोळा वर्षांनी वाढलेलं दिसतं. मधल्या काळात सत्तरीपुढच्यांना पेन्शन सुरू झाली होती. हसून झालं की अर्जाच्या उजव्या बाजूला जा. तिथे एक रकाना भाषेचा आहे. आजीपुढे लिहिलेलं असतं 'आयरिश', आईबापांपुढे 'आयरिश आणि इंग्रजी', आणि नातवंडांपुढे बहुधा तो रकाना कोरा.